खटका ऐकू आला तरी

आमच्याकडे ट्रक मागे घेण्याचं काम माझं आणि चहा टाकण्याचं नवऱ्याचं. नवरा आयुष्यभर इंजिनांत रमला. पुण्याच्या कमिन्समधून इंडियानातल्या कोलंबसला आला, इथेच निवृत्त झाला. त्यामुळे म्हातारपणी घ्यायचा ट्रक रॅमचाच हे ठरलेलं होतं, कारण त्यात कमिन्सचं 6.7 लिटरचं डिझेल इंजिन बसतं. त्या इंजिनावर तो तासभर बोलेल. पण त्याच ट्रकच्या हौद्यात जवळजवळ सहा टनांचं घर अडकवायची वेळ आली की त्याचा धीर सुटतो. माझा सुटत नाही, एवढंच.

हे घर म्हणजे फिफ्थ व्हील कॅम्पर. साधा ट्रेलर ट्रकच्या मागच्या बंपरखाली, गोळ्यावर अडकतो. फिफ्थ व्हीलचं नाक मात्र थेट हौद्यावर येतं. नाकाखाली दोन इंच जाडीचा एक पोलादी खुंट लोंबतो, त्याला किंगपिन म्हणतात. हौद्यात, मागच्या आसाच्या डोक्यावर, हिच बोल्टांनी घट्ट बसवलेला असतो. ट्रक मागे येतो, खुंट हिचच्या खाचेत शिरतो आणि हिचचा जबडा त्याच्याभोवती मिटतो. भार आसावर पडत असल्यामुळे महामार्गावर शेजारून मोठा ट्रक गेला तरी हा कॅम्पर साध्या ट्रेलरइतका डुलत नाही. आमच्या वयाला ते बरं.

अमेरिकेतली असली बहुतेक घरं आमच्याच राज्याच्या उत्तरेला, एल्कहार्टच्या आसपास बनतात. तिथे बघायला गेलो तेव्हा विक्रेता ट्रककडे एक नजर टाकून म्हणाला, "हा काय वाटेल ते ओढेल." ओढेलही. प्रश्न ओढण्याचा नव्हता, पाठीवर घेण्याचा होता, आणि त्याबद्दल तो अवाक्षर बोलला नाही. कॅम्परचं पूर्ण भरलेलं वजन 13,000 पौंड. फिफ्थ व्हीलच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा खुंटावाटे ट्रकवर येतो, म्हणजे 2,600 पौंड. त्यात हिचचे 200, आम्ही दोघं, आणि नवऱ्याची अवजारांची पेटी, जी तो घरी ठेवायला तयार नसतो. चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो. माणसं आणि सामान मिळून या ट्रकने किती वजन घ्यावं, तो आकडा त्यावर छापलेला असतो. आमच्या ट्रकचा 3,700 होता, म्हणून जमलं. माहितीपत्रकातला ओढण्याचा आकडा बघून लोक अर्ध्या टनी, म्हणजे हलक्या वर्गातल्या, पिकअपवर अशी घरं लादतात, मग ट्रकची शेपूट खाली बसते, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात पोकळ लागतं. सगळ्यात महागात पडणारी चूक खरं तर इथे, दुकानातच होते. हिचपर्यंत गोष्ट नंतर येते.

हिच मला ज्यांनी शिकवला ते ग्रीनवुडला राहणारे एक सरदारजी. अठरा चाकांचे ट्रक चालवून निवृत्त झालेले. इंडियानापोलिसच्या त्या बाजूला पंजाब्यांची मोठी वस्ती आहे आणि त्यांत ट्रकवाले पुष्कळ. मोठ्या ट्रकचा हिचही तत्त्वाने हाच. पाजींनी पहिल्या दिवशी ट्रकला हातच लावू दिला नाही. मला कॅम्परच्या नाकाखाली उकिडवं बसवलं, हातात बॅटरी दिली आणि जबडा उघडा कसा दिसतो, मिटलेला कसा दिसतो, अर्धवट मिटलेला कसा दिसतो ते नुसतं बघायला लावलं. "भाभीजी, कान पे मत जाना," एवढंच ते पुन्हा पुन्हा सांगत होते.

कानावर जायचं नाही, कारण खटका फसवा असतो. जबडा खुंटाच्या कमरेभोवती नीट मिटला तरी खट्ट वाजतं, आणि खुंट थोडा वर राहून जबडा त्याच्या खालीच मिटला तरी तस्संच खट्ट वाजतं. दुसऱ्या प्रकारात कॅम्पर नुसता हिचवर टेकलेला असतो, अडकलेला नसतो. म्हणून सगळा खेळ उंचीचा. कॅम्परच्या पुढच्या पायांची उंची अशी ठेवायची की खुंटाभोवतीची पत्र्याची सपाट बैठक हिचच्या ताटापेक्षा अर्धा-एक इंच खालीच राहील. ट्रक मागे आला की हिचचं उतरतं ताट तिच्याखाली घुसतं आणि नाक जरासं उचललं जातं. ते उचलणं मला आता सीटवर बसल्या बसल्या कळतं: ट्रकची पाठ किंचित दबते. नाक उचललं गेलं नाही, तर मी उतरून बॅटरी मारायच्या आधीच समजते की उंची चुकली. मग ट्रक पुढे घ्यायचा, पाय थोडे वर घेऊन नाक खाली आणायचं आणि पुन्हा.

नवरा मागे उभा राहून एस्टीच्या कंडक्टरसारखा "येऊ दे, येऊ दे" करतो. सुरुवातीला तो "बास" म्हणायचा तेव्हा बहुधा सहा इंच आधी किंवा सहा इंच नंतर. आता आमचा करार आहे: त्याने फक्त हात वर करायचा, बोलायचं नाही. हात दिसेनासा झाला की मी थांबते. आणि मी हिचपाशी असताना माझ्याशी कोणी बोलायचं नाही, त्यानेही नाही, चहा तयार झाला तरी नाही.

बॅटरीने जबडा बघून झाला, खीळ घातली, की मग ओढून बघायचं. कॅम्परच्या चाकांना ठोकळे तसेच ठेवायचे, पुढचे पाय जमिनीला जेमतेम टेकलेले असू द्यायचे, कॅबमधल्या ब्रेक कंट्रोलरची दांडी हाताने दाबून कॅम्परचे ब्रेक लावायचे आणि गिअर पुढचा टाकून ट्रकला हळूच एक हिसका द्यायचा. जबडा लागला असेल तर ट्रक जागचा हलत नाही. लागला नसेल तर खुंट इंचभर सरकतो आणि नाक पायांवर टेकतं, कोणाचं काही बिघडत नाही. या सगळ्याला दोन मिनिटंही लागत नाहीत. तरीही कॅम्पग्राउंडवर हे न करता निघणारे दिसतातच.

मिशिगन सरोवराकाठी आमच्या शेजारच्या जागेवर एक गृहस्थ होते. सकाळी निघायची तयारी चालली होती. ट्रक मागे आला, खट्ट वाजलं, तेवढ्यात पलीकडच्या तंबूतला एकजण कॉफीचा मग घेऊन मासेमारीच्या गप्पा मारायला आला. कॅम्पग्राउंडवरची माणसं फार गोड असतात आणि नेमकी हिचच्या वेळेलाच गोड होतात. बोलता बोलता त्या गृहस्थांनी सात पिनांचा प्लग लावला, फाळका वर केला, ठोकळे उचलले, पुढचे पाय पूर्ण वर घेतले. सगळं केलं, फक्त जबडा बघितला नाही आणि ओढून पाहिलं नाही. जागेवरून रस्त्यावर चढायला छोटासा चढ होता. ट्रक पुढे गेला, खुंट ताटावरून मागे घसरला आणि कॅम्परचं नाक हौद्याच्या दोन्ही कडांवर आदळलं. मागे घसरलेल्या खुंटाच्या पेटीने फाळका बाहेर वाकवला. हौद्याच्या कडा पत्र्याच्या डब्यासारख्या चेपल्या. आवाज असा झाला की तळ्यातली बदकं उडाली. लागलं कोणालाच नाही, हे नशीब.

पुढचं तासभराचं काम आमच्याही अंगावर आलं. जमीन वाळूची होती, पाय नुसते खाली केले असते तर खचत गेले असते. आमच्याकडचे लाकडी ओंडके मी पायांखाली टाकले, नवऱ्याने जॅकचं बटन हातात घेतलं. इथे मात्र त्याचा हात थरथरत नाही, कारण हे यंत्र आहे, अंदाज नाही. नाक कडांवरून दोन बोटं सुटल्यावर ट्रक पुढे काढला. मग मी त्यांच्या हिचमध्ये बॅटरी मारली. मिटलेल्या जबड्याच्या वरच्या अंगावर वंगण पुसलं जाऊन एक चकचकीत अर्धगोल उमटला होता. खुंट जबड्यात गेलाच नव्हता, वर बसून निघाला होता. गृहस्थ तो अर्धगोल बराच वेळ बघत राहिले. कॉफीवाला केव्हाच निघून गेला होता.

उतरवताना उलटा क्रम. आधी ठोकळे, मग पुढचे पाय खाली करून ट्रकवरचा भार हलका करायचा, मग प्लग आणि ब्रेकअवेची तार काढायची, फाळका खाली, शेवटी खीळ. ही तार बारीक दिसते, पण कॅम्पर सुटून गेलाच तर ती ओढली जाऊन त्याचे स्वतःचे ब्रेक त्याच्याच बॅटरीवर लागतात. म्हणून ती ट्रकच्या अंगाला अडकवायची, हिचला नाही. हिचच उखडून गेला तर तारेचा काय उपयोग? आणि फाळका. या सगळ्यात सर्वांत जास्त मोडतो तो फाळका, कारण तो आरशातून दिसत नाही आणि बंद असताना सगळं ठीक वाटतं.

उंचीचं अजून एक. आमचा कॅम्पर 13 फूट 2 इंच. हा आकडा मी काचेवर माझ्या डोळ्यांसमोर चिकटवला आहे, कारण गाडीच्या नकाशाला आपण ट्रक आहोत की मोटार हे कळत नाही. नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅमला एक रेल्वे पूल आहे, त्याच्याखाली ट्रकांची टपं इतकी सोलली गेली की तो जगभर प्रसिद्ध झाला. 2019 मध्ये तो वर उचलून 12 फूट 4 इंचांवर नेला. तरीही आम्ही त्याखालून जाऊ शकत नाही.

यंदा मुलाने उन्हाळ्यासाठी कॅम्पर मागितला आहे. ट्रक त्याचा स्वतःचा, नवाकोरा, अर्धा टनी. "आई, हा 11,000 पौंड ओढतो, कॅम्पर अर्धवट रिकामा नेईन," म्हणाला. मी म्हटलं, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरचा फोटो पाठव. आला: 1,650. त्यात तो, सून, दोन नाती आणि त्यांचा लॅब्राडोर. नवऱ्याने फोटो बघून काहीतरी समजुतीचं बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात मी मुलाला गॅरेजमधल्या मोठ्या तंबूचा फोटो पाठवूनही दिला होता.