घरबसल्या डॉक्टरकी

ज्याच्या नावामागे 'डॉक्टर' हे पद लागलेले नाही अशा प्राध्यापकास, ते पद दुसऱ्या कोणास स्वस्तात मिळत आहे अशी नुसती शंका आली तरी जेवण गोड लागत नाही. आम्ही ह्याच वर्गातले आहो. एका आंग्ल कवीवरील आमचा प्रबंध तीन प्रकरणे होऊन थांबला त्यास आता एकवीस वर्षे लोटली. घाटकोपरच्या आमच्या बिऱ्हाडी माळ्यावर, दिवाळीच्या आकाशकंदिलाशेजारी, तो सुखाने नांदत आहे. अशा मनुष्याच्या भ्रमणध्वनीवर दर आठवड्यास 'नोकरी न सोडता, घरबसल्या डॉक्टरेट' अशी जाहिरात येऊन पडावी हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा. २०२२ सालच्या ऑक्टोबरात विद्यापीठ अनुदान आयोग आणि अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद ह्या दोघांनी मिळून जाहीर सूचना काढली की, परदेशी विद्यापीठांशी संधान बांधून शिक्षण-कंपन्या ज्या ऑनलाइन पीएच. डी. देऊ करीत आहेत त्यांस मान्यता नाही. त्या दिवशी आम्हांस जो आनंद झाला तो स्वतःचा प्रबंध पुरा होऊनही झाला नसता. सूचनेची प्रत आम्ही आमच्या हाताने महाविद्यालयातील शिक्षकांच्या खोलीत टाचणीने लावली.

आणि पुढे वर्षभरातच अमेरिकेतून आमच्या भाचीचा निरोप आला, की ती परिचर्याशास्त्रातील डॉक्टरची पदवी घेत आहे आणि तिचे वर्ग ऑनलाइन भरतात. उत्तरादाखल आम्ही त्याच सूचनेचे छायाचित्र तिजकडे धाडले. तिचे उलट उत्तर दोनच शब्दांचे होते : "पाहिले, मामा."

ह्या दोन शब्दांमागे जो इतिहास आहे तो सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी ही मुलगी बारावी झाली आणि 'मला नर्स व्हायचे आहे' असे म्हणू लागली. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय १९६४ पासून मुंबईत चालू आहे. तेथील अर्जही तिने आणून ठेविला होता. मुलुंडास ताईच्या घरी कुटुंबाची बैठक बसली आणि घरातील सुशिक्षित पुरुष म्हणून बोलण्याचे काम आम्हांकडे आले. आम्ही अर्धा तास बोललो. "नर्सच्या हातचे औषध सर्वांस चालते, पण तिच्या हातचा चहा लग्नाच्या बैठकीत चालत नाही," हे वाक्य आम्हीच त्या दिवशी उच्चारले, आणि ते सुचल्याबद्दल मनांतल्या मनांत आपली पाठही थोपटून घेतली. विशेष हे की, त्याच वर्षी लिटन स्ट्रेचीने लिहिलेले फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचे चरित्र आम्ही वर्गात मोठ्या तन्मयतेने शिकवीत होतो! रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्यास सेवासदन काढले, तेथील विधवा बायकांस परिचर्या शिकण्यासाठी ससून रुग्णालयात धाडले, आणि त्यापायी लोकांची टीका सोसली, ही कथाही आम्ही व्याख्यानांतून अनेकवार सांगितली होती व टाळ्या घेतल्या होत्या. ससूनला जाणारी मुलगी दुसऱ्याची असली म्हणजे सुधारणा किती सोपी असते!

ताई आमचे सर्व ऐकून घेऊन एवढेच म्हणाली, "तिला करू दे."

तिने केले. मुंबईत काही वर्षे नोकरी केली, अमेरिकेच्या परवान्याची परीक्षा दिली, तिकडे गेली, तेथे पुढचे शिक्षण घेऊन 'नर्स प्रॅक्टिशनर' झाली. हा प्रकार आपल्याकडे फारसा परिचित नाही, म्हणून दोन शब्द सांगतो. १९६५ साली कॉलोराडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड ह्या परिचारिकेने आणि हेन्री सिल्व्हर ह्या बालरोगतज्ज्ञाने मिळून ह्याचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. जेथे डॉक्टर पोहोचत नाही तेथील मुलांस अनुभवी परिचारिकेने तपासावे, साध्या दुखण्यांवर उपचार करावे, हा मूळ हेतू. आज अमेरिकेतील निम्म्याहून अधिक राज्यांत अशा परिचारिका डॉक्टरच्या देखरेखीवाचून रोगी तपासतात व औषध लिहून देतात.

एवढे सर्व आम्हांस ठाऊक नव्हते आणि ठाऊक करून घ्यावे असेही वाटले नव्हते. ते वाटावयास गेल्या पावसाळ्यात ताई न्हाणीघरात पाय घसरून पडावी लागली.

खुब्याचे हाड मोडले. उपनगरातील एका इस्पितळात शस्त्रक्रिया झाली व ती उत्तम झाली. दुसऱ्या रात्री मात्र ताई आम्हांस ओळखीना. आमच्याकडे पाहून ती "अण्णा, दिवा लावा ना," म्हणू लागली. अण्णा म्हणजे आमचे वडील. त्यांस जाऊन तीस वर्षे झाली. भिंतीवरून माणसे चढत आहेत असे तिला दिसे. सलाईनची नळी ती उपटू लागली, तेव्हा तिचे हात पलंगाच्या कडांस बांधण्यात आले. विचारता सांगण्यात आले, "वयामुळे होते असे." जिने आयुष्यात कोणास एकेरी हाक मारली नाही ती आमची बहीण त्या रात्री वॉर्डबॉयास शिव्या देत होती, आणि आम्ही दारात उभे राहून, हिचे डोके आता गेले ते गेलेच, असे धरून चाललो होतो.

भाची तिसऱ्या दिवशी सकाळी विमानतळावरून थेट इस्पितळात आली. आईच्या कपाळावर हात ठेवून तिने आम्हांस पहिला प्रश्न विचारला, "मामा, आईचा चष्मा कुठे आहे?"

"घरी. हरवू नये म्हणून आम्ही जपून नेला."

"आणि कानाचे यंत्र?"

ते यंत्र चाळीस हजारांचे. तेही आम्ही जपूनच नेले होते. रुमालात गुंडाळून, कपाटात, कुलपात.

ती रागावली असती तर बरे झाले असते. ती काहीच न बोलता रिक्षाने पाचरस्त्यापलीकडच्या घरी गेली आणि दोन्ही वस्तू घेऊन आली. मग खिडकीचा पडदा सरकविला. समोर दिसेल असे घड्याळ मागून घेतले. तेथील सिस्टरशी हळू आवाजात बोलून हात सोडविले, व "मी बसते इथे," म्हणाली. झोपेसाठी चालू असलेल्या एका औषधाविषयी डॉक्टरांस विचारले; त्यांनी ते बंद केले. दर अर्ध्या तासाने घोटभर पाणी. दुपारी दोघींनी धरून ताईस खुर्चीत बसविले. दुसऱ्या दिवशी सायंकाळी ताईने आमच्याकडे पाहून विचारले, "तू कॉलेजात नाही गेलास?" हे सर्व एकट्या चष्म्याने झाले असे भाचीचे म्हणणे नाही, कशाने किती झाले हे एका रोग्यावरून सांगता येत नाही असे ती म्हणते. परंतु वृद्ध मनुष्य शस्त्रक्रियेनंतर भ्रमिष्ट होते ते पुष्कळदा म्हातारचळाने नव्हे. परक्या जागी दिसत नाही, ऐकू येत नाही, रात्र की दिवस समजत नाही, झोप मोडते, पाणी कमी पडते, ह्या सगळ्यांच्या जोडीस वेदना व औषधे असतात. येल विद्यापीठाच्या शॅरन इनोयबाईंनी १९९९ साली ८५२ वृद्ध रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांची नेहमीप्रमाणे शुश्रूषा झाली त्यांत शंभरी पंधरा जणांस असा भ्रम झाला. ज्यांच्या चष्म्याकडे, कानांकडे, पाण्याकडे, झोपेकडे आणि हिंडण्याफिरण्याकडे कटाक्षाने लक्ष दिले त्यांत शंभरी दहांहून किंचित कमी जणांस. ह्यात औषध काहीच नाही. म्हणूनच की काय, हे कोणास फारसे सांगावेसे वाटत नाही.

आमची भाची ज्यावर डॉक्टर होत होती तो विषय हाच, हे आम्हांस त्या दिवशी कळले.

ताईस घरी आणल्यावर आम्ही दीड महिना रात्रीचे मुलुंडास निजावयास जात होतो. तिकडची सायंकाळची सात ही आपली पहाटेची साडेचार. तेव्हा जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून, कानात बोंडे घालून, अंगावर आईची शाल घेऊन भाची वर्गात बसे. बाहेर पहिल्या गाड्यांचा खडखडाट चाललेला असे. आम्ही दिवाणावर पडून झोपेचे सोंग करीत ऐकत असू. वर्ग म्हणजे कोणी एकाने बोलावे व इतरांनी जांभया द्याव्या अशी आमची तीस वर्षांच्या अनुभवाने झालेली समजूत. येथे प्रत्येकास दर दहा मिनिटांनी उत्तर द्यावे लागे. कोणी अलास्कातील, कोणी टेक्सासमधील. सर्व नोकरी करणाऱ्या, पोरेबाळे असलेल्या बायका. ह्या पदवीस घरबसल्या म्हणावे तर तेही खरे नव्हे. पहिल्या पदवीनंतर निदान एक हजार तास रोग्यांजवळ, मार्गदर्शकाच्या नजरेखाली काढावे लागतात. ते तास ऑनलाइन होत नाहीत. भाचीने ते आपल्या गावच्या रुग्णालयात आधीच पुरे केले होते, म्हणूनच ती येथे येऊ शकली. एका आनंदीबाई जोश्यांस १८८३ साली कलकत्त्याहून न्यूयॉर्कास पोहोचावयास सुमारे दोन महिने लागले होते. आणि येथे आईच्या उशाशी बसून शाळा करता येत होती. ज्या यंत्राची आम्ही इतकी हेटाळणी केली त्याची ही बाजू आम्ही कधी मनात आणिली नव्हती.

एके पहाटे आम्ही उठून बसलो व विचारले, "ही पदवी आणि आमची पीएच. डी. ह्यांत अंतर काय?"

"पीएच. डी.ने नवे ज्ञान शोधायचे. आमचे काम, शोधलेले ज्ञान वॉर्डात का पोहोचत नाही ते पाहायचे आणि पोहोचवायचे. तिकडेही ही पदवी जुनी नाही, मामा. केंटकी विद्यापीठाने ती पहिल्यांदा २००१ साली सुरू केली. आता चारशेहून जास्त ठिकाणी आहे."

ह्या वाढीविषयी आमची शंका अद्याप सर्वस्वी गेलेली नाही. चारशे ठिकाणी एक वस्तू मिळू लागली म्हणजे चारशेही ठिकाणी ती अस्सल असेल असे मानण्याइतके आम्ही भोळे नाही. आणि भाचीही तसे म्हणत नाही. शिक्षकांच्या खोलीतील ती सूचना आम्ही काढलेली नाही, कारण ती खोटी नाही. मात्र आमच्या हातून ती चुकीच्या पत्त्यावर गेली.

पुढे तिने प्रबंधाची पाने आमच्यापुढे ठेवून, "इंग्रजी तेवढे पाहा," म्हटले. आम्हांस स्फुरण चढले. पहिल्याच पानावर आम्ही वार्धक्यास संध्याकाळची उपमा दिली. तिने ती खोडली. दुसऱ्या पानावर एक सुंदर गौण वाक्य घातले, तेही खोडले. "मामा, हे रात्रपाळीच्या नर्सला उभ्याने वाचता आले पाहिजे." तिने केले होते ते एवढेच : एका वॉर्डात रोगी दाखल होताना त्याचा चष्मा, कवळी, कानाचे यंत्र ह्यांची नोंद करावयाची, ती हात पोहोचेल अशा जागी ठेवावयाची, आणि प्रत्येक पाळीस ठराविक प्रश्न विचारून भ्रमाची चाहूल घ्यावयाची. ही गोष्ट सांगावयास सोपी. तीनही पाळ्यांतील माणसांकडून रोज करून घ्यावयास तिला वर्ष लागले. अडचणींच्या प्रकरणात एक वाक्य होते की, वस्तू हरवतील ह्या भीतीने नातेवाईक त्या घरी घेऊन जातात. आम्ही मान वर केली.

"हे आमच्यावर लिहिलेस?"

"नाही, हे मागच्या वर्षीच लिहिले आहे. सगळीकडे मामा असतातच."

तिने हे हसून म्हटले. आम्हांसही हसू आले, पण स्वल्पविराम तपासण्याचे काम त्या रात्री पुढे सरकले नाही.

एकदा आम्ही तिला परत येण्याविषयी विचारले. आपल्याकडे परिचर्येची पहिली पदवी १९४६ साली दिल्लीस व वेलोरास सुरू झाली, १९४७ साली परिचर्या परिषदेचा कायदा झाला, त्याची जागा घेण्यासाठी २०२३ साली संसदेने नवा कायदा केला, अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रमही निघाला, असे सर्व आम्ही दरम्यान वाचून काढले होते व ते तिला मोठ्या उत्साहाने सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले.

"अभ्यासक्रम आहे. पण शिकून झाल्यावर बाईला बसवायचे कुठे, तिने स्वतःच्या सहीने काय लिहायचे, हे ठरलेले नाही. तिकडे मी रोगी तपासते. इकडे मी सिस्टर." आणि मग जरा थांबून, "सिस्टर म्हणण्यात वाईट काही नाही. पण सिस्टरला विचारत कोणी नाही."

ताईच्या खोलीतल्या त्या बांधलेल्या हातांची आम्हांस आठवण झाली. त्या वॉर्डात रात्री एक सिस्टर होती, बावीस-तेवीस वर्षांची. हात बांधताना ती आम्हांस म्हणाली होती, "काका, ह्यांना नीट दिसत नाही का?" आम्ही तिला उत्तर दिले नव्हते, 'डॉक्टर कुठे आहेत' असे विचारले होते.

भाची परत गेली. दिवाळीनंतर एका पहाटे तिची शेवटची परीक्षा ऑनलाइनच झाली. ऐकावयास घरच्यांस मुभा होती, म्हणून ताई आणि आम्ही साडेचारला लॅपटॉपसमोर बसलो. ताई चालण्याच्या चौकटीचा आधार घेऊन स्वतः टेबलापर्यंत आली होती. तासभर प्रश्नोत्तरे चालली. शेवटी पडद्यावरील तिघे हसले, भाचीने डोळे पुसले, आणि कोणी तरी तिला नव्या पदाने हाक मारली.

"झाली का डॉक्टर?" ताईने विचारले.

"झाली."

"काय म्हणाली ती माणसे शेवटी? मला नीट नाही ऐकू आले." ताईने कानाच्या यंत्राला बोट लावून पाहिले. "ह्याची बॅटरी संपली वाटते. कपाटातल्या डबीत नवी आहे, तेवढी दे. आणि चहा टाक, सव्वासहा होत आले," ती समोरच्या घड्याळाकडे पाहून म्हणाली.