ज्याना नवस बाकी

टॉल्किनच्या दुनियेत देवांची उतरंड पक्की आहे. वर 14 वालार, त्यांच्या हाताखाली मायार. गॅन्डाल्फ हा खालच्या पायरीवरचा. आमच्या खान्देशात अशी उतरंड लावायला बसलात तर पहिल्याच देवीपाशी अडाल. साडेतीन पीठांत वणीची सप्तशृंगी अर्धी, कोल्हापूर, तुळजापूर, माहूर पूर्ण. पण चैत्रात धुळे-जळगावकडची माणसं उन्हातान्हात पायी निघतात ती या अर्ध्या पीठाकडेच.

हे कोडं मला सोडवून दिलं देवपुरातल्या शेजारच्या मावशींनी. माहेर यावलकडचं, कुलदैवत सातपुड्यातली मनुदेवी, सासर धुळ्याचं. शाळा कधी पाहिलेली नाही, पण कोणत्या देवाला कधी, काय आणि किती, हे सगळं तोंडपाठ.

नागपंचमीनंतरच्या रविवारी त्यांच्याकडे कानबाई बसायची. तिला ना शिखर, ना गाभारा. चौरंगावर नथ घातलेला नारळ. घरातल्या पुरुषांच्या नावाने सव्वा सव्वा मूठ गहू घेऊन रोट व्हायचे. रात्रभर गाणी, सोमवारी पांझरेवर विसर्जन. त्या दिवसांत हाकेच्या अंतरावरच्या एकवीरेलासुद्धा थांबावं लागे. रोट भाऊबंदांपुरतेच, त्यामुळे मला कधी मिळाले नाहीत. नंतर आठवणीने पुरणपोळी मात्र यायची. नियम मोडायचा नाही आणि पोरगं उपाशीही ठेवायचं नाही, हा त्यांचा खाक्या.

एकदा मी सरळ विचारलं, यांत मोठं कोण? तांदूळ निवडता निवडताच त्या म्हणाल्या, “ज्याना नवस बाकी से, तो मोठा.”

पुढे कोसंबींचं 1962 चं ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ वाचलं, रा. चिं. ढेरे वाचले. गावच्या दैवतांची लग्नं लावून त्यांना मोठ्या देवांच्या घरात कसं आणलं जातं, ते नीट कळलं. पण ती उतरंड पोथी लिहिणाऱ्यांची. मावशींची उधारीच्या वहीसारखी होती: ज्याचं देणं थकलं त्याचं नाव वर, फिटलं की खाली. शेतातला शेंदूर फासलेला म्हसोबाही एखाद्या वर्षी पहिला यायचा. लोकदैवतांवर मी जे थोडंफार लिहिलं, त्याचं मूळ त्या एका वाक्यात आहे. पुस्तकांच्या ऋणनिर्देशात त्यांचं नाव घालायला त्यांनीच मनाई केली होती.

तुमच्याकडे कानबाई बसत असेल तर घरातल्या म्हाताऱ्यांकडून नैवेद्याचा क्रम यंदाच लिहून घ्या. तो घरागणिक वेगळा असतो आणि कुठल्याही ग्रंथात सापडत नाही.