मार्करची साक्ष

लिम्फोमा हा एक आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्याचे अनेक प्रकार आहेत, आणि त्यांतले काही इतके विरळ की बऱ्याच पॅथॉलॉजिस्टांना ते क्वचितच पाहायला मिळतात. ते ओळखायचे मुख्य साधन म्हणजे पेशीवरची आणि पेशीतली प्रथिने, अर्थात मार्कर. १९७५ मध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी मोनोक्लोनल अँटिबॉडी बनवण्याची रीत दिली. पुढे एकाच प्रथिनाला जागोजागी निराळी नावे पडू लागली, तेव्हा १९८२ मध्ये पॅरिसला सीडी क्रमांकांची पद्धत सुरू झाली. मार्कर येण्याआधी मुख्यतः पेशीचे रूप पाहून निदान होई. मोठ्या पेशींच्या ज्या गाठी ‘हिस्टिओसायटिक’ म्हणून गणल्या गेल्या, त्यांतल्या बहुतेक पुढे बी पेशींच्या निघाल्या.

प्रत्यक्ष काम साधे दिसते. पॅराफिन ब्लॉकमधून काही मायक्रॉन जाडीचा काप घेतात, त्यावर अँटिबॉडी सोडतात. प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग उमटतो, बाकी केंद्रके निळी राहतात. सीडी२० आणि पॅक्स५ बी पेशी दाखवतात, सीडी३ टी पेशी. खरा कस लागतो तो अर्थ लावताना, कारण कोणताही मार्कर एकाच आजाराच्या मालकीचा नसतो. सीडी५ मुळात टी पेशींचे, पण मँटल सेल लिम्फोमातल्या बी पेशींवरही ते सहसा असते. तिथे सायक्लिन डी१ पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. सीडी३० हॉजकिन लिम्फोमात दिसते, अ‍ॅनाप्लास्टिक लिम्फोमात दिसते, आणि विषाणुसंसर्गाने चेतवलेल्या निरोगी पेशींतही दिसते. प्लाझ्माब्लास्टिक लिम्फोमा बी पेशींचाच असून सीडी२० जवळजवळ दाखवतच नाही. सीडी१३८ लावले नाही तर तो हातचा निसटतो.

या साऱ्याची कसोटी पाहणारा आजार म्हणजे अँजिओइम्युनोब्लास्टिक टी सेल लिम्फोमा. उतारवयातला रुग्ण, ताप, अंगावर पुरळ, जागोजागी सुजलेल्या लसिकाग्रंथी. १९७० च्या दशकात याला कर्करोग न मानता प्रतिकारशक्तीची बिघडलेली प्रतिक्रिया समजत, आणि स्लाइड पाहिली की ती चूक का होई ते कळते. फांद्या फुटलेल्या रक्तवाहिन्या, प्लाझ्मा पेशी, इओसिनोफिल यांच्या गर्दीत खऱ्या कर्करोगाच्या पेशी थोड्याच असतात: मध्यम आकाराच्या, पांढुरक्या सायटोप्लाझमच्या, वाहिन्यांच्या कडेला पुंजके करून बसलेल्या. सीडी२१ लावले की फॉलिक्युलर डेंड्रिटिक पेशींचे जाळे फॉलिकलची हद्द ओलांडून वाहिन्यांभोवती पसरलेले दिसते. त्याच पुंजक्यांतल्या टी पेशी पीडी१, आयकॉस, सीएक्ससीएल१३, बीसीएल६, सीडी१० दाखवतात. हे सारे फॉलिक्युलर हेल्पर टी पेशींचे मार्कर. यांतले निदान दोन, शक्यतो तीन मिळावेत असा दंडक आहे, कारण एकटे पीडी१ साध्या सुजेतही मिळते. शिवाय बऱ्याचदा एपस्टाइन-बार विषाणू असलेल्या मोठ्या बी पेशी मध्येच उभ्या असतात. त्या हुबेहूब हॉजकिनमधल्या पेशींसारख्या दिसू शकतात आणि सीडी३० ही दाखवतात. त्यांच्यावरच नजर खिळली की निदान चुकून हॉजकिनचे होते, आणि दोन्हींचे उपचार वेगळे आहेत. म्हणून मार्कर ‘पॉझिटिव्ह’ असे लिहून भागत नाही. कोणत्या पेशीत, किती पेशींत आणि कुठे, हे लिहावे लागते. २०२२ च्या वर्गीकरणांत या आजाराची ओळखच फॉलिक्युलर हेल्पर पेशींवरून ठेवली आहे.

पण उत्तम अँटिबॉडीही खराब ऊतीपुढे हरते. सुईने काढलेल्या पेशींत जाळ्याची रचना दिसतच नाही. फॉर्मलिनमध्ये उशिरा पडलेल्या ग्रंथीत रंग फिका येतो. आपल्याकडे मानेची गाठ दिसली की आधी क्षयाचा विचार होतो, आणि तो रास्तही आहे. मात्र लिम्फोमाची शंका असेल तर, रुग्णाची प्रकृती थांबू देत असल्यास, बायोप्सीआधी स्टेरॉइड देऊ नये, शक्य तिथे ग्रंथी अख्खी काढावी, ताबडतोब पुरेशा बफर्ड फॉर्मलिनमध्ये टाकावी, आणि सोबतच्या कागदावर ताप, पुरळ, घेतलेली औषधे हे सारे लिहावे.