खुर्चीवाल्या बापलेकाच्या गावात

टीव्हीवरची त्यांची भांडणं आपण चवीनं पाहिली. त्यांच्या मोटारसायकली जिथे बनायच्या, त्या न्यूयॉर्कजवळच्या ऑरेंज काउंटीतला एक भटका शनिवार...

ते मीम तुम्ही पाहिलंय, पैजेवर सांगते. पांढऱ्या लांब मिशांचा, बिनबाह्यांच्या टी-शर्टातला, टॅटूवाल्या दंडांचा बाप बोट रोखून ओरडतोय. समोर मुलगा तेवढाच तापलेला. पाच चौकटी आणि मधेच एक उडती खुर्ची! २०१८ मध्ये या चित्रानं नेटवर नुसता धुमाकूळ घातला. लोकांनी या दोघांच्या तोंडी वाटेल ते वाद घातले, अगदी व्याकरणापासून विज्ञानापर्यंत. ज्यांनी मूळ मालिका पाहिली होती, त्यांना मात्र खरी भानगड ठाऊक होती. वाद एकदम घरगुती होता. मुलगा कामावर वेळेवर येत नाही!

बाप म्हणजे पॉल टटल सीनियर, मुलगा पॉल ज्युनिअर आणि मालिका 'अमेरिकन चॉपर'. २००२ मध्ये डिस्कव्हरीवर तिचा पहिला भाग झळकला आणि पुढच्या वर्षीपासून ती नियमित सुरू झाली. मी तेव्हा फार लहान होते. पुढे शाळेत असताना सुट्टीत मावशीकडे चिंचवडला गेले, की दादा, म्हणजे माझा मावसभाऊ, रिमोट सोडायचाच नाही. मला बाइकमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण भांडणं मात्र सॉलिड आवडायची. तो दादा आता नोकरीसाठी पोकिप्सीला असतो आणि तिथून ट्यूटलांची, सॉरी, 'टटलां'ची ऑरेंज काउंटी हडसन नदी ओलांडली की आलीच. (उच्चार टटल असाच आहे. आम्ही वर्षानुवर्षं चुकीचा करत होतो.) मग न्यूयॉर्कला गेल्यावर एक शनिवार त्यासाठी राखून ठेवणं भागच होतं.

डावीकडची खिडकी पकडा

मॅनहॅटनच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनवरून हडसन लाइनची गाडी घ्यायची आणि बीकनला उतरायचं. दीडेक तासाचा प्रवास. पण एक फंडा लक्षात ठेवा, जाताना डावीकडची खिडकी. रूळ नदीला इतके चिकटून आहेत, की कधी कधी आपण लाँचमध्ये बसलोय असं वाटतं. पलीकडच्या काठावर वेस्ट पॉइंटची करड्या दगडाची लष्करी अकादमी दिसते. पुढे दोन्ही बाजूंचे डोंगर नदीवर झुकतात आणि बीकन यायच्या जरा आधी एका बेटावर पडका किल्ला दिसतो. शिवकालीन वगैरे मनात आणू नका! हे जुनी शस्त्रं विकणाऱ्या बॅनरमन नावाच्या व्यापाऱ्याचं गोदाम होतं.

दादा बीकनला गाडी घेऊन आला होता. पूल ओलांडला की न्यूबर्ग. एकेकाळी हे दणदणीत गाव होतं. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या शेवटी, १७८२-८३ मध्ये, जॉर्ज वॉशिंग्टनचा मुक्काम इथल्या एका दगडी घरात होता. हे घर १८५० मध्ये न्यूयॉर्क राज्यानं जपणुकीसाठी विकत घेतलं आणि आजही ते पाहता येतं. पुढे गावात कारखाने आले, पैसा आला आणि मग दोन्ही गेले. १९६३ मध्ये हडसनवर पूल झाला आणि गावातून जाणारी रहदारी बाहेरून निघून जाऊ लागली. नंतर नदीकाठची जुनी वस्ती सुधारणेच्या नावाखाली पाडली गेली. आजही ब्रॉडवे हा मुख्य रस्ता अवाढव्य रुंद आहे, त्याच्या मानानं गर्दी कमी. आजूबाजूच्या गल्ल्यांत एक घर नवा रंग लावून नटलेलं आणि शेजारचं खिडक्यांना फळ्या ठोकलेलं. "आपल्याकडच्या बंद पडलेल्या मिलच्या आसपास असंच वाटतं ना गं?" दादा म्हणाला.

जिन्याच्या कठड्यापासून चॉपरपर्यंत

गावाबाहेर पश्चिमेला स्ट्यूअर्ट विमानतळाच्या पलीकडे रॉक टॅव्हर्न नावाची वस्ती आहे. झाडं, शेतं, मधेच पत्र्याच्या शेड. इथेच सीनियरचा 'ऑरेंज काउंटी आयर्नवर्क्स' हा लोखंडी कामाचा धंदा होता. इमारतींचं स्टील, जिने, कठडे, असलं सगळं. ज्युनिअर शाळेत असल्यापासून तिथे राबायचा. म्हणजे बापाच्या हाताखाली उभं राहून वेल्डिंग शिकणं आणि बापाच्याच शिव्या खाणं हे टीव्ही यायच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं. सीनियरनं स्वतःच्या दारूच्या व्यसनाबद्दल आणि ते ऐंशीच्या दशकात सोडल्याबद्दल जाहीरपणे सांगितलंय. घरातलं वातावरण कसं असेल, याचा अंदाज आपण करू शकतो.

१९९९ मध्ये त्यानं 'ऑरेंज काउंटी चॉपर्स' काढलं. चॉपर म्हणजे काय, तर नेहमीच्या मोटारसायकलची काटछाट करून बनवलेली बाइक. पुढचे शॉकअप लांबलचक आणि तिरके, मडगार्ड नावापुरतं, मागे बहुतेक वेळा शॉकअपच नाही. चेसिसपासून टाकीपर्यंत सगळं हातानं वाकवायचं, वेल्ड करायचं, घासायचं. चालवायला आरामदायी? अजिबात नाही. पण सिग्नलला उभी राहिली, की अख्खा चौक वळून बघणार!

दोघांच्या भांडणाचं मूळही या बाइकमध्येच होतं. बापाला आवडायचे जुन्या धाटणीचे, साधे, आडदांड चॉपर. मुलाला हवी थीम. त्यानं कोळ्याच्या कल्पनेवर बाइक केली आणि टाकीवर लोखंडी जाळं विणलं. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यात गेलेल्या अग्निशामक जवानांच्या आठवणीसाठी लालभडक बाइक केली. लोकांनी ती डोक्यावर घेतली. मग कंपन्या रांग लावून आपापल्या थीमच्या बाइक मागू लागल्या. आता सांगा, दुकान बापाचं, पण गिऱ्हाईक येतंय मुलाच्या डोक्यातल्या कल्पनांसाठी. मुलाची कल्पना सुचेपर्यंत थांबायची तयारी, बापाला मात्र सकाळी आठला झाडलेली फरशी आणि सुरू झालेलं काम दिसलं पाहिजे. ऑफिसात असं झालं तर आपण एचआरकडे जातो, नाहीतर पेपर टाकतो. बापाकडे पेपर टाकायचे कसे?

वर कॅमेरा होताच. एक बाइक बनायला आठवडेच्या आठवडे लागतात. भांडण पाच मिनिटांत तयार होतं आणि बघायलाही सोपं जातं. बाइक बघायला बसलेले आम्ही दोघं हळूहळू भांडणाचीच वाट बघायला लागलो होतो, हे कबूल करायला हवं.

वीस टक्के

न्यूबर्गजवळ, हायवेच्या तोंडाशी, ऑरेंज काउंटी चॉपर्सनं २००८ मध्ये मोठं चकाचक मुख्यालय उघडलं. त्याच वर्षी सीनियरनं ज्युनिअरला कामावरून काढलं, तेही कॅमेऱ्यासमोर. खुर्ची उडाली ती याच सुमाराला.

पुढचं प्रकरण टीव्हीपेक्षा भारी आहे. कंपनीत ज्युनिअरचा २० टक्के हिस्सा होता. तो विकत घ्यायचा आपल्याला हक्क आहे, म्हणून बाप मुलाविरुद्ध कोर्टात गेला. खालच्या कोर्टात बाप जिंकला, पण डिसेंबर २०१० मध्ये वरच्या कोर्टानं तो निकाल फिरवला. कारण? करारात हिस्सा 'रास्त बाजारभावा'नं घ्यायचा असं लिहिलं होतं, पण तो भाव कसा आणि कोणी ठरवायचा, ते लिहिलंच नव्हतं.

हे सांगितल्यावर दादा गाडी चालवता चालवता मोठ्यानं हसला. मग बराच वेळ गप्प. काकांची, म्हणजे त्याच्या बाबांची, भोसरीला फॅब्रिकेशनची शेड आहे. ग्रिल, रॅक, कंपन्यांसाठी ट्रॉल्या. दादा कॉलेजात असताना चार वर्षं तिथे रोज जायचा आणि डिझाइन बदलण्यावरून दोघांची रोज जुंपायची. इंजिनिअरिंग संपल्यावर त्यानं आयटी धरलं आणि थेट इकडे आला. "आमच्याकडे तर करारच नव्हता," तो म्हणाला. "बाबा म्हणायचे, सगळं तुझंच आहे. मग एक कपाट माझ्या मनासारखं का करू देत नव्हते?"

ज्युनिअरनं त्याच काउंटीत 'पॉल ज्युनिअर डिझाइन्स' सुरू केलं. धाकटा भाऊ मायकी, मालिकेतला सगळ्यांचा लाडका, तोही बापाच्या दुकानातून बाहेर पडला. चॅनेलला काय, आयतंच घबाड! मालिका 'सीनियर विरुद्ध ज्युनिअर' या नावानं परत आली. डिसेंबर २०११ मध्ये लास व्हेगासला दोघं आपापल्या बाइक घेऊन लाइव्ह स्पर्धेत उतरले आणि प्रेक्षकांनी मुलाला जिंकवलं. त्याच वर्षी कर्जापायी ते चकाचक मुख्यालय कर्ज देणाऱ्या कंपनीकडे गेलं आणि सीनियर स्वतःच्याच इमारतीत भाडेकरू झाला. पुढे त्यानं बिऱ्हाड फ्लोरिडात क्लिअरवॉटरला हलवलं. तिथे २०२१ पासून त्याचं रोडहाऊस आणि बाइकचं म्युझियम आहे. न्यूबर्गच्या इमारतीवरून आम्ही दोनदा चक्कर मारली. टीव्हीवर ती केवढी मोठी वाटायची!

दुसरे बापलेक

मग एवढ्या लांब येऊन बघायचं काय? याच गावातलं 'मोटरसायकलपीडिया'. लाकडाच्या जुन्या वखारीत थाटलेलं दोन मजली संग्रहालय, पाचशेच्या वर मोटारसायकली. आणि गंमत बघा, हेही एका बापलेकानंच उभं केलंय. जेराल्ड डोअरिंग या वडिलांनी १९२९ च्या 'इंडियन स्काउट' गाडीपासून सुरुवात केली, मुलगा टेड यानं साथ दिली आणि २०११ मध्ये, म्हणजे टटल बापलेक लास व्हेगासला एकमेकांसमोर उभे राहिले त्याच वर्षी, हे दार उघडलं. त्यांच्यात कधी वाजलं की नाही कोण जाणे. कॅमेरा नव्हता ना!

'इंडियन' हा १९०१ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मलेला अमेरिकन ब्रँड, आपला त्याच्याशी काही संबंध नाही. तरी सगळीकडे 'इंडियन' वाचून उगाच भारी वाटतं. १९५३ मध्ये मूळ कारखान्यातलं उत्पादन थांबेपर्यंतच्या गाड्या इथे वर्षवार ओळीनं उभ्या आहेत. तळमजल्यावर लाकडी फळ्यांची गोल विहीर दिसली आणि आम्ही दोघं एकदम ओरडलो, "मौत का कुआँ!" आपल्या जत्रेतला तो थरार इथे जपून ठेवलाय.

चॉपरच्या दालनात दादा माझ्याशी बोलेनासा झाला. तो वाकून वेल्डिंगचे जोड बघत होता. कुठे जोड घासून गायब केलाय, कुठे मुद्दाम दिसू दिलाय. "हे बाबांना कळलं असतं," एवढंच म्हणाला. परत गाडीत बसल्यावर त्यानं सांगितलं, की काका आता शेड विकायचं म्हणतायत. गिऱ्हाईकही आलंय. फक्त लेथ आणि वेल्डिंगची जुनी मशीन विकायची का ठेवायची, हे त्यांनी याला विचारलंय. तीन आठवडे झाले, यानं उत्तर दिलेलं नाही.

"भावाचं ठरलं का?" मी विचारलं.

"भावाचं नाही गं विचारलं त्यांनी," तो म्हणाला.

कसं जाल?

ग्रँड सेंट्रलवरून मेट्रो-नॉर्थच्या हडसन लाइननं बीकन, तिथून टॅक्सीनं पूल ओलांडून न्यूबर्ग. काउंटीत भटकायचं तर गाडी हवीच. संग्रहालय आठवड्यातले मोजकेच दिवस उघडं असतं, त्यामुळे वेळा आधी बघून घ्या आणि किमान तीन तास हातात ठेवा. वॉशिंग्टनचं घर आणि नदीकाठ त्याच दिवसात होतो. आणि एक, चॉपर बघून पुण्या-मुंबईत आपली बुलेट कापायचा विचार असेल तर जरा दमानं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीची मूळ रचना मनाला येईल तशी बदलता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलंय.