स्टेपनी हवीच!

नवी गाडी घ्यायचं ठरल्यापासून आमच्या घरी एकच वाद. चिरंजीव म्हणतात, "बाबा, फोन केला की मदतीची गाडी येते. पूर्ण मापाच्या स्टेपनीनं डिकी कशाला अडवायची?"

कायदा त्यांच्या बाजूनं आहे. २०२० च्या नियमबदलानंतर ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चरचं किट असलेल्या मोटारीला स्टेपनीची सक्ती राहिली नाही. पण मंडळी, किटमधलं द्रव खिळ्याचं भोक बुजवतं. दगडानं टायरची बाजू फाटली तर ते काय करणार? कमी मापाची स्टेपनी असली तरी साधारण ताशी ८० किलोमीटरच्या आत जपून जायचं. आणि आम्हाला कोल्हापुरातून कोकणात उतरायचं म्हणजे गगनबावडा नाहीतर आंबा घाट. तिथं फोनला रेंज मिळेलच असं नाही.

सूनबाईंचा मुद्दा मात्र बिनतोड. "या वयात चाक बदलणार कोण?"

खरंय. सत्तरीनंतर चाकाचे नट माझ्याच्यानं सुटत नाहीत. पण आपल्याकडं थांबलेली गाडी बघून कुणीतरी "काय झालं ओ काका?" विचारतंच. हात त्याचे, स्टेपनी आपली. अर्ध्या तासात गाडी रस्त्याला लागते. स्टेपनीच नसेल तर तो बिचारा नुसता हळहळणार!

मदतीचा नंबर फोनमध्ये ठेवूच. पण मदत करणाऱ्याला आपल्याकडंही काहीतरी असावं लागतं. असो. तुमच्या डिकीत काय आहे, जरूर कळवा.