दात आणि कागद

उदगीरच्या जनावरांच्या बाजारात बैलाची पारख तोंडापासून सुरू होते. आमचे आजोबा देवणी खोंडाचा ओठ वर करीत आणि क्षणात वय सांगत: दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला. खालच्या जबड्यात कायमचे आठही दात आले की बैल जुळला. वानेरा, बालंक्या की शेवेरा हे रंगावरून लांबूनच कळे. वय मात्र दातांनाच विचारावे लागे. विकणाऱ्याचे बोलणे सारे शांतपणे ऐकून घेत आणि मग दात पाहत. दात पाहिले म्हणून कोणी रागावल्याचे आम्हांस स्मरत नाही.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही जुनी मोटार घेण्यास निघालो तेव्हा हे आठवले. आईला उपचारांसाठी वरचेवर लातूरला न्यावे लागत होते आणि एसटीचा प्रवास तिला सोसेनासा झाला होता. एक गाडी मनात भरली. पांढरी, एमएच २४, सहा वर्षांची, एकाच मालकाची, मीटरवर ४८ हजार किलोमीटर. दलाल म्हणाला, "काहीच काम नाही बघा गाडीला, सर. तेल टाका अन् चालवा."

मोटारीला दात नसतात. मीटर हा तिचा दात समजावा, तर तो मागे फिरवता येतो. म्हणून दुसऱ्या खुणा शोधाव्या लागतात. ब्रेकच्या पायट्याचे रबर गुळगुळीत झाले असेल तर ४८ हजारांवर शंका घ्यावी. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात तिच्या निर्मितीची खूण असते. एकच काच इतरांहून नवी निघाली तर ती का बदलली हे विचारावे. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा, कारण गाडी पुरात बुडाली असेल तर वर सारे धुतले तरी पट्ट्याच्या शेवटी गाळाची रेघ राहून जाते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. बुडालेली गाडी वाळवून, पुसून दूरच्या गावी विकता येते. असे दूरचे गाव आपलेही असू शकते, हे आमच्यासारख्यांनी लक्षात ठेवावे.

मग कागद. आमचे गाव सीमेवरचे. बीदर, हैदराबादकडच्या गाड्या येथे स्वस्तात दिसतात. त्यांना तिकडच्या परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८, लागते. येथला कर भरून नवा क्रमांक घ्यावा लागतो. तो खर्च धरला की स्वस्ताई पुष्कळशी विरते. गाडी कर्जावर घेतलेली असेल तर नोंदणी पुस्तकावर वित्तसंस्थेचे नाव असते. हप्ते फिटले असे तोंडी सांगून ते पुसले जात नाही. संस्थेचे पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. थकलेल्या दंडाच्या चलनांचाही शोध घ्यावा लागतो. आमची पांढरी गाडी या सर्व परीक्षांत उतरली.

अडली ती विम्याच्या कागदावर. विम्याचा दावा न करणाऱ्यास दरवर्षी हप्त्यात सवलत मिळते. पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग वाढत वाढत ५० टक्क्यांपर्यंत. मालक तोच, विमा कधी खंडित नाही, आणि तरीही सवलत शून्य. याचा अर्थ नुकताच दावा झालेला. लातूरच्या कार्यशाळेत चासी क्रमांक सांगितला. त्यांनी नोंद वाचून दाखवली: समोरचा भाग अपघातानंतर दुरुस्त केलेला, आणि त्या दिवशी मीटरवर ७१ हजार किलोमीटर.

दलालाला हे सांगितले. तो जराही ओशाळला नाही. "तुम्ही विचारलंच नाही की, सर."

आम्ही संतापून घरी आलो. इथे लेख संपता तर बरे झाले असते.

त्या रात्री पुढच्या गाडीची माहिती मोबाईलवर एम-परिवहनमध्ये पाहत होतो. सहज म्हणून तीन वर्षांपूर्वी विकलेल्या आमच्या जुन्या गाडीचा क्रमांक घातला. मालकाचे नाव तारकांनी अर्धे झाकलेले होते. पण उरलेली अक्षरे आमचीच होती. एका तरुण शिक्षकाने ती घेतली होती. फॉर्म २९ आणि ३० वर आम्ही सह्या करून दिल्या होत्या आणि निश्चिंत झालो होतो. विक्रीची खबर राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत देण्याची जबाबदारी कायद्याने विकणाऱ्याचीही आहे, हे आम्ही सोयीने विसरलो. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले की, गाडी मधल्या काळात कितीही हातांतून गेली तरी नोंदणीत ज्याचे नाव तोच अपघाताच्या भरपाईस जबाबदार. तीन वर्षे आम्ही त्या शिक्षकाच्या प्रत्येक वळणाचे जामीनदार होतो.

पण झोप त्यामुळे उडाली नाही. त्या गाडीलाही एक अपघात झालेला होता. अहमदपूरच्या रस्त्यावर ती कठड्याला घासली होती. डावी बाजू ठोकून, रंगवून घेतली होती. रंग इतका बेमालूम बसला की विकताना आम्हांस कारागिराचे कौतुक वाटले. शिक्षकाने गाडीभोवती एक फेरी मारली आणि पैसे दिले. त्याने विचारले नाही. आम्ही सांगितले नाही. दलालाचे वाक्य आमच्याच तोंडचे होते. त्याने फक्त ते मोठ्याने उच्चारले.

दुसऱ्या दिवशी शिक्षकाकडे गेलो. आधी नावबदलीचे बोललो, मग डाव्या बाजूचे. तो थोडा वेळ गप्प राहिला. म्हणाला, "पावसात त्या दाराखालून पाणी येतं. मला वाटलं, माझंच काही चुकतंय." त्या दाराचा खर्च आम्ही दिला. परिवहन कार्यालयात दोघे मिळून गेलो.

आजोबांच्या बाजारात दात पाहणे हा संशय नव्हता, कारण विकणाराच स्वतः बैलाचे तोंड उघडून धरी. आम्ही पुढे घेतलेली गाडी थोडी महाग पडली. तिच्या मालकाने न विचारता मागच्या दाराकडे बोट दाखवले होते: "हे रंगवलेलं आहे." आम्ही तरीही पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहिला. तो रागावला नाही.