हाताने काढलं तरच कला?

मी पेंटर. दुकानांच्या पाट्या, लग्नाचे बोर्ड आणि दरवर्षी १४ एप्रिलला बाबासाहेबांचं कापडी बॅनर, यावर वीस वर्षं घर चाललं. मग फ्लेक्स आला आणि माझे ब्रश डब्यात सुकले. कॉम्प्युटरवरच्या चित्राबद्दल मला प्रेम असण्याचं काहीच कारण नाही, हे आधीच सांगतो.

गेल्या वर्षी पुतणीने टॅबलेटवर रमाईचं चित्र काढलं. गोवऱ्या थापणारे हात मोठे, चेहरा लहान. आम्ही ते एका प्रदर्शनात नेलं. तिथल्या ज्येष्ठ चित्रकाराने विचारलं, "यात हाताची साधना कुठे आहे?" चित्र परत आलं. मीही मान डोलावली होती. पोरगी माझ्याकडे बघत होती.

त्या रात्री झोप लागली नाही. हाताची साधना! ज्या हातांनी कातडं कमावलं, मडकी घडवली, ढोलकी मढवली, त्या हातांना कलावंत कुणी म्हटलं? हाताने काम करतात म्हणूनच त्यांना खालचं ठरवलं. आता आमची पोरं यंत्र हाती घेतात, तर हात पवित्र झाला! आमच्या घरात बाबासाहेब आले तेही छापील तसबिरीतून, तैलचित्रातून नव्हे.

'काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले?' या १९४५ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी यंत्रविरोधाचा समाचार घेतला आहे. यंत्र माणसाला फुरसत देतं आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही. दोष यंत्राचा नाही, त्याचा लाभ मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे, असा त्यांचा मुद्दा. माझं काम गेलं हे खरं. पण फ्लेक्सचं मशीन घेण्याइतकं भांडवल कुणाकडे होतं? हा प्रश्न मी विचारला नाही, मशीनलाच शिव्या देत बसलो.

कॅनव्हास, तैलरंग, फ्रेम यांचा खर्च पुतणीला झेपत नाही. जुना टॅबलेट हप्त्यांवर घेतला, त्यावर ती रोज चित्र काढते. आज सिद्धेश गौतम 'बेकरी प्रसाद' या नावाने डिजिटल चित्रांतून बाबासाहेब मांडतो, ते लोकांपर्यंत पोचायला गॅलरीची परवानगी लागत नाही. वाईट चित्र टॅबलेटवरही वाईटच असतं. पण ते चित्र बघून ठरवा. हत्यार बघून चित्राची लायकी ठरवणं आणि जन्म बघून माणसाची ठरवणं, यात मला फारसा फरक दिसत नाही.

पुतणीची मी माफी मागितली. ७ फेब्रुवारीला, रमाई जयंतीला, तिचं चित्र वस्तीत लागलं. फ्लेक्सवरच.

जयभीम.